पदकाआधीचे कर्ज

कारेगाव-रांजणगावपासून भीमाकाठच्या दौंडपर्यंत ग्रामदैवताची यात्रा म्हटली की कुस्त्यांचा हगामा आलाच. हलगी कडाडते, जोडी लागते. पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर सुटतात आणि मानाच्या कुस्तीपर्यंत इनाम चढत जाते. हा सारा पैसा गावच्या वर्गणीतला. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक असल्याच मातीतून आले आणि त्यामागेही वर्गणीच होती.

खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म 15 जानेवारी 1926 चा, कराडजवळच्या गोळेश्वरचा. वडील पैलवान. कराडच्या टिळक हायस्कुलातून खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले. ढाक हा त्यांचा हुकमी डाव: प्रतिस्पर्ध्याची मान पकडीत घ्यायची आणि त्याला उलथून टाकायचे. 1948 मध्ये कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने ते लंडन ऑलिम्पिकला गेले. लाल मातीत वाढलेला हा गडी तिथे मॅटवर उतरला आणि फ्लायवेट गटात सहावा आला.

चार वर्षांनी हेलसिंकीला जायचे होते. अंगात तयारी होती, खिशात पैसा नव्हता. गावकऱ्यांनी, ओळखीपाळखीच्या लोकांनी जमेल तशी रक्कम गोळा केली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून 7,000 रुपये उभे केले. एका विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी प्राचार्याने राहते घर पणाला लावले, एवढा त्यांचा खाशाबांवर भरवसा होता.

हेलसिंकीत ते बँटमवेट, म्हणजे 57 किलो गटात खेळले. कॅनडाचा पोलिक्विन, मेक्सिकोचा बासुर्तो, जर्मनीचा श्मिट्झ असे एकेक मल्ल त्यांनी मागे टाकले. जपानच्या शोहाची इशीशी झालेली लढत लांबली आणि ती इशीने जिंकली. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. पण खाशाबांची बाजू मांडायला भारतीय पथकातले कोणी हजर नव्हते, असे सांगितले जाते. थकल्या अंगाने ते सोव्हिएत संघाच्या मामेदबेकोवपुढे उभे राहिले आणि हरले. इशीला सुवर्ण, मामेदबेकोवला रौप्य, खाशाबांना कांस्य. तारीख होती 23 जुलै 1952.

कराडहून 151 बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे फड लावले, स्वतः लढले आणि त्या उत्पन्नातून खर्डेकरांचे पैसे फेडले. ऑलिम्पिक पदकविजेत्याला मायदेशी परतल्यावर कर्ज फेडण्यासाठी आखाड्यात उतरावे लागले.

खेळाडूच्या पोटाचा हा प्रश्न इंग्लंडच्या उत्तरेकडच्या गिरण्या-खाणींच्या गावांना फार आधी भिडला होता. शनिवारी रग्बी खेळायची तर कामाला खाडा पडे आणि मजुरी बुडे. ती भरून द्यायला खेळाच्या कारभाऱ्यांची मनाई होती. 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. त्यातूनच पुढे रग्बी लीग उभी राहिली. खाशाबांच्याच काळातला तिथला विंगर, म्हणजे मैदानाच्या कडेने चेंडू घेऊन सुसाट पळणारा गडी, मिक सलिव्हन. 1957 मध्ये विगन क्लबने त्याच्यासाठी हडर्सफील्डला 9,500 पौंड मोजले, 1961 मध्ये सेंट हेलेन्सने 11,000. दोन्ही रकमा त्या-त्या वेळी विक्रमी ठरल्या. ब्रिटनकडून तो 46 कसोटी सामने खेळला. खाशाबांपेक्षा त्याचे कष्ट कमी नव्हते, पण त्याच्या खेळामागे एक व्यवस्था उभी होती.

खाशाबांना 1955 मध्ये पोलीस उपनिरीक्षकाची नोकरी मिळाली. सहायक पोलीस आयुक्त होऊन ते निवृत्त झाले आणि 14 ऑगस्ट 1984 रोजी रस्ता अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मरणोत्तर. भारताला पुढचे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक लिअँडर पेसने 1996 मध्ये मिळवून दिले. मध्ये 44 वर्षे गेली.

आज राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. 15 जानेवारी हा राज्य क्रीडा दिन झाला आहे. पण नोकरीचा लाभ पदकानंतरचा. खुराक, प्रवास आणि मॅटवरचा सराव ही गरज त्याआधीची. शिरूर-दौंडच्या यात्रा समित्यांनी हगाम्याच्या वर्गणीतला ठरावीक वाटा गावच्या होतकरू पोरा-पोरींच्या वर्षभराच्या खुराकासाठी राखून ठेवावा. कारेगावच्या शेजारीच रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे. तालुक्यातल्या तालमींना मॅट आणि वस्ताद देण्याचा भार तिथल्या कारखान्यांनी उचलावा.