मोतीबिंदू परत येत नाही, मग पुन्हा धूसर का दिसते?

"डॉक्टर, मोतीबिंदू परत आला जी." अमरावती-अकोल्याकडे ऑपरेशनला दोन-चार वर्षे झाली, की काही ज्येष्ठ अशी तक्रार घेऊन येतात. एसटीची पाटी वाचता येत नाही, डाळ निवडताना खडा दिसत नाही. पण काढलेला मोतीबिंदू परत येत नाही. धूसर होतो तो लेन्समागचा पडदा.

ऑपरेशनमध्ये गढूळ झालेले भिंग काढतात, त्याची पातळ पिशवी मात्र ठेवतात. कृत्रिम लेन्स तिच्यातच बसते. पिशवीच्या कडेला भिंगाच्या काही पेशी उरतात. त्या वाढत वाढत पिशवीच्या मागच्या पडद्यावर सरकतात आणि नजर धूसर होते.

इथे लेन्स कशाची आहे, याला महत्त्व येते. १९४९ मध्ये लंडनला हॅरोल्ड रिडली यांनी पहिली लेन्स बसवली, ती पीएमएमए या कडक प्लास्टिकची. आता घडी होणाऱ्या ॲक्रिलिक लेन्स आल्या आहेत. त्यांतली 'हायड्रोफोबिक' लेन्स पडद्याला चिकटून बसते, त्यामुळे पेशींना आत शिरायला फट मिळत नाही. 'हायड्रोफिलिक' लेन्समध्ये साधारण पाव हिस्सा पाणी असते. ती तेवढी चिकटत नाही आणि तिच्यामागचा पडदा जास्त वेळा धूसर होतो. क्वचित तिच्यात कॅल्शियम साचून लेन्सच पांढुरकी होते. तेव्हा लेझर चालत नाही, लेन्स बदलावी लागते.

लेन्सची कडही तितकीच मोलाची. काटकोनी कड पडद्यावर दाबून बसते आणि शेताच्या धुऱ्यासारखी पेशींना अडवते. स्वस्त पीएमएमए लेन्सलाही अशी कड दिली, तर पडदा कमी धूसर होतो, हे मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयातील अभ्यासात दिसले आहे. शिबिरात ऑपरेशन करून घेणाऱ्या शेतकरी-मजुरांसाठी ही मोठी गोष्ट आहे.

पडदा धूसर झालाच, तर याग लेझरने त्यात मधोमध वाट करतात. डोळ्यात थेंब टाकून काही मिनिटांत काम होते. चिरा नाही, टाका नाही. नंतर डोळ्यांपुढे अचानक काजवे चमकले किंवा काळे ठिपके वाढले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

ऑपरेशनआधी घरच्यांनी दोन प्रश्न जरूर विचारावेत: लेन्स कोणत्या पदार्थाची आणि तिची कड काटकोनी आहे का? लेन्सचे स्टिकर लावलेले कार्ड जपून ठेवावे. आणि नजर पुन्हा मंदावली, तर 'आता वय झालं' म्हणून आजी-आजोबांना घरी बसवू नये; बहुतेकांची नजर लेझरने पुन्हा स्वच्छ होते.