एसएसडी हलते, किल्ली हलत नाही

22 मिलिमीटर रुंद आणि 80 मिलिमीटर लांब अशी एसएसडीची पट्टी एक स्क्रू सोडवला की हातात येते आणि दुसऱ्या लॅपटॉपच्या खाचेत तितक्याच सहज बसते. म्हणूनच मदरबोर्ड गेलेला लॅपटॉप घेऊन दुकानात गेलं की ‘डेटा कुठे जात नाही, डिस्क काढून दुसऱ्याला लावू’ असं हमखास ऐकू येतं. कित्येक वर्षं हे म्हणणं खरंही होतं. विंडोज 11 असलेल्या नव्या लॅपटॉपच्या बाबतीत मात्र ते आता गृहीत धरता येत नाही. डिस्क निघते, लागते, नव्या यंत्राला दिसतेही. फक्त उघडत नाही. माझं म्हणणं असं आहे की, आपला डेटा आपल्या हातात आहे की नाही हे आता डिस्क कुणाकडे आहे यावर ठरत नाही, किल्ली कुणाकडे आहे यावर ठरतं. हा बदल चांगल्यासाठीच झाला आहे, पण ज्याच्या लॅपटॉपवर तो झाला त्यालाच त्याची धड कल्पना दिली गेलेली नाही.

बिटलॉकर हे मायक्रोसॉफ्टचं एन्क्रिप्शन 2007 मध्ये विंडोज व्हिस्टाबरोबर आलं. डिस्कवरचा मजकूर एका किल्लीने कुलूपबंद होतो, ती किल्ली दुसऱ्या किल्लीने, आणि ही दुसरी किल्ली टीपीएम नावाच्या चिपशी बांधलेली असते. ही चिप मदरबोर्डवर वेगळी बसवलेली असते किंवा प्रोसेसरच्या पोटातच असते. लॅपटॉप सुरू होताना कोणकोणतं सॉफ्टवेअर कोणत्या क्रमाने चाललं, त्याची नोंद या चिपमध्ये होते आणि ती नेहमीसारखी असेल तरच किल्ली सुटते. हे सगळं न विचारता, न सांगता होत असल्यामुळे आपली डिस्क कुलूपबंद आहे हे वर्षानुवर्षं लक्षातही येत नाही. डिस्क दुसऱ्या लॅपटॉपमध्ये गेली की तिथल्या चिपला या किल्लीचा पत्ताच नसतो. आणि जिला होता, ती बहुतेकदा मेलेल्या बोर्डाबरोबर गेलेली असते.

अशा वेळी निळा पडदा येतो आणि रिकव्हरी की मागतो: 48 अंक, सहा-सहाच्या आठ गटांत. हे अंक मनाला येतील तसे मांडलेले नाहीत. प्रत्येक गटाला 11 ने नि:शेष भाग जातो. 135795 हा गट चालेल, कारण तो 12345 ची 11 पट आहे. शेवटचे दोन अंक उलटसुलट होऊन 135759 झाला, तर संगणक तो तिथल्या तिथे नाकारतो. 11 ने भागल्यावर प्रत्येक गटातून 16 बिटांची एक संख्या मिळते आणि अशा आठ संख्या मिळून 128 बिटांची किल्ली तयार होते. एवढे अंक माणसाला हाताने टाइप करावे लागतील हे ओळखून कुणीतरी ही सोय केली आहे, आणि ती मला फार मोलाची वाटते. पडद्यावर किल्लीचा ओळख-क्रमांकही दिसतो. घरात दोन-तीन लॅपटॉप असतील, तर जपून ठेवलेल्या किल्ल्यांपैकी नेमकी कुठली लावायची ते त्यावरून कळतं.

पण किल्ली जपून ठेवली असेल तर! विंडोज 11 ची 24एच2 ही आवृत्ती 2024 मध्ये आली. तेव्हापासून आपोआप एन्क्रिप्शन होण्याच्या अटी आणखी सैल झाल्या. नवा लॅपटॉप मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केला की एन्क्रिप्शन लागू होतं आणि किल्ली त्याच खात्यात जाऊन बसते. खरी मेख इथे आहे. आपल्याकडे नवा लॅपटॉप सुरू करून देतो तो दुकानातला मुलगा, नाहीतर कॉम्प्युटरमधलं कळणारा भाचा. घाईच्या वेळी त्याने स्वतःचंच खातं टाकलं, तर किल्लीही त्याच्याच खात्यात राहते, आणि हे लक्षात येतं ते बोर्ड गेल्यावर. कंपनीने दिलेल्या लॅपटॉपची किल्ली कंपनीच्या खात्यात असते. नोकरी सुटली की तीही सुटली. किल्ली कुठेच सापडली नाही, तर मायक्रोसॉफ्टही ती नव्याने बनवून देऊ शकत नाही.

‘मग हे एन्क्रिप्शन बंदच करून टाकावं,’ असं कुणी म्हणेल. मला हे पटत नाही. विंडोजचा पासवर्ड डिस्कवरच्या फायली झाकत नाही. कुलूप नसलेली डिस्क काढून यूएसबीच्या डबीत घातली, की लोकलमध्ये हरवलेल्या लॅपटॉपमधली आधार-पॅनची चित्रं, बँकेची पत्रकं, घरच्यांचे फोटो कुणालाही दिसतात. शिवाय एसएसडीवरचं पुसणं खात्रीचं नसतं. ती नवा मजकूर जुन्याच जागी लिहील असं नसतं, त्यामुळे फायलीवर नवं काही लिहूनही जुनं मागे उरू शकतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतल्या संशोधकांनी 2011 मध्ये हे प्रयोगाने दाखवलं. डिस्क पहिल्यापासून कुलूपबंद असेल, तर विकताना किल्ली नष्ट केली की काम भागतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. 2024 च्या सुरुवातीला एका संशोधकाने रास्पबेरी पाय पिको या अगदी स्वस्त बोर्डाच्या मदतीने एका जुन्या लॅपटॉपची बिटलॉकर किल्ली मिनिटाच्या आत मिळवून दाखवली. मग या कुलपाचा भरवसा काय? तिथे टीपीएम वेगळी होती आणि तिच्यातून प्रोसेसरकडे जाणाऱ्या तारांवर किल्ली उघडी सापडली. टीपीएम प्रोसेसरमध्येच असेल तर अशा उघड्या तारा नसतात, आणि सुरू होताना पिन मागण्याची व्यवस्था केली तर जुन्या यंत्रावरही हा मार्ग बंद होतो. किल्ली कंपनीच्या सर्व्हरवर असणं ज्यांना खटकतं, त्यांची हरकत रास्त आहे. त्यांनी ती छापून कागदपत्रांच्या फाइलीत ठेवावी आणि खात्यातून काढून टाकावी. मात्र आधी छापावी, मग काढावी.

किल्ल्यांची व्यवस्था हे बिनमहत्त्वाचं काम नाही, हे 19 जुलै 2024 ला जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे विंडोजची सुमारे 85 लाख यंत्रं कोसळली. उपाय साधा होता, एक फाइल काढून टाकायची. पण कुलूपबंद यंत्रांवर त्याआधी 48 अंक मागितले जात होते. ज्या कार्यालयांत किल्ल्या ठेवणारा सर्व्हरही बंद पडला होता, तिथल्या लोकांचे हाल विचारू नका.

लिनक्सच्या लक्स या एन्क्रिप्शनमध्ये हा पेच सहसा येत नाही. तिथे कुलूप परवलीच्या वाक्याने उघडतं आणि वाक्य माणसाबरोबर असतं, म्हणून डिस्क कुठल्याही यंत्रात चालते. अलीकडच्या मॅकबुकमध्ये याच्या उलट आहे: साठवणीच्या चिपा बोर्डालाच जोडलेल्या आणि किल्ली प्रोसेसरमध्ये, त्यामुळे अदलाबदलीचा प्रश्नच नाही. बॅकअप नसेल तर बोर्डाबरोबर सगळं गेलं.

डिस्क दुसऱ्या लॅपटॉपमध्ये न्यायची असेल, तर विंडोजवाल्यांनी जुना लॅपटॉप चालू असतानाच कामाला लागावं. सेटिंग्जमध्ये जाऊन एन्क्रिप्शन बंद करावं आणि डिस्कवरचं कुलूप पूर्ण निघेपर्यंत थांबावं. बिटलॉकर नुसतं स्थगित करण्याचीही सोय असते, पण तेव्हा मजकूर कुलूपबंदच राहतो आणि किल्ली डिस्कवरच उघडी पडलेली असते. तेवढ्या वेळात डिस्क दुसऱ्याच्या हाती देऊ नये. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क बसली की एन्क्रिप्शन पुन्हा सुरू करावं, नवी किल्ली नोंदवावी, जुना कागद फाडावा. आणि दुरुस्तीच्या दुकानांनी पावतीवर चार्जर, बॅग यांच्या शेजारी एक रकाना वाढवावा: ‘रिकव्हरी की मिळाली का?’ तिथे ‘नाही’ असेल, तर बोर्डाला हात लावण्याआधी गिऱ्हाइकाला फोन करावा.