सावित्रीच्या खोऱ्यातून बायबलचा अभ्यास : पोथी, पाठ आणि संगणक

महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावून पोलादपूर आणि महाड या तालुक्यांतून वाहत बाणकोटच्या खाडीवाटे समुद्राला मिळणाऱ्या सावित्री नदीचा आणि तिच्या खोऱ्याचा धर्मग्रंथांच्या अभ्यासाशी असलेला संबंध फारसा सांगितला जात नाही. समर्थ रामदासांनी दासबोध जेथे सांगितला असे परंपरा मानते ती शिवथरघळ महाड तालुक्यात आहे, ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य रचणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी पोलादपुरात आहे, आणि जेथून गलबते भरतीच्या पाण्यावर महाडपर्यंत येत, त्या बाणकोटला १८२३ साली स्कॉटिश मिशनरी मंडळाने आपले कोकणातील काम सुरू केले. त्याच मंडळाच्या जॉन विल्सन यांनी, कोकणात राहणाऱ्या बेने इस्रायल या ज्यू समाजाला आपले शास्त्र मूळ भाषेत वाचता यावे म्हणून, १८३२ साली हिब्रूचे छोटे व्याकरण मराठीतून लिहिले. जुन्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्याच्या परिसरात मूळ भाषेतून बायबल वाचण्याचा विचार असा जवळपास दोनशे वर्षांपूर्वीच झाला होता. त्या वेळी अडचण साधनांची होती, आणि आज ती साधने महाडच्या एखाद्या विद्यार्थ्याच्या खिशातल्या मोबाईलवर आली आहेत.

ही साधने संगणकाने निर्माण केली, असा समज मात्र बरोबर नाही. बायबलच्या अभ्यासात संगणक इतक्या सहज रुळला, कारण त्याच्या आधी सातशे वर्षे त्या ग्रंथाची मोजदाद चालू होती. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकात स्टीफन लँग्टन यांनी रूढ केली. त्याच शतकात ह्यू ऑफ सेंट शेर यांच्या देखरेखीखाली पॅरिसच्या डोमिनिकन मठवासीयांनी लॅटिन बायबलची पहिली मोठी शब्दसूची, म्हणजे कोणता शब्द कोठे कोठे आला आहे हे सांगणारी यादी, हाताने तयार केली. नव्या कराराला वचनांचे क्रमांक रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ साली घातले. जेम्स स्ट्राँग यांच्या १८९० च्या शब्दसूचीने पुढचे पाऊल टाकले आणि साडेआठ हजारांहून अधिक हिब्रू व साडेपाच हजारांहून अधिक ग्रीक शब्दांना एकेक क्रमांक दिला. त्यामुळे हिब्रूची लिपीही न येणाऱ्या वाचकाला भाषांतरातील शब्दामागे मूळ शब्द कोणता हे शोधता येऊ लागले. आजच्या अनेक मोफत बायबल-ॲपमध्ये शब्दावर बोट ठेवताच जी माहिती उघडते, तिच्या मुळाशी स्ट्राँग यांचे हे क्रमांकच आहेत.

यंत्राचा प्रवेश विसाव्या शतकाच्या मध्यावर झाला. रोबेर्तो बुसा या इटालियन जेझुइट धर्मगुरूंनी १९४९ साली आयबीएम कंपनीचे साहाय्य मिळवून थॉमस अक्वायनसच्या समग्र लेखनाची शब्दसूची यंत्रावर करायला घेतली. जॉन एलिसन यांनी इंग्रजी बायबलच्या एका आवृत्तीची शब्दसूची युनिव्हॅक संगणकावर तयार करून १९५७ साली प्रसिद्ध केली. ॲमस्टरडॅमच्या फ्राय विद्यापीठात १९७७ पासून एप ताल्स्त्रा यांच्या पुढाकाराने हिब्रू बायबलमधील प्रत्येक शब्दाचे व्याकरण आणि प्रत्येक वाक्याची रचना संगणकात नोंदवण्याचे काम सुरू झाले, आणि तो सगळा साठा आता अभ्यासकांना खुला आहे. केंब्रिजच्या टिंडेल हाउस या संस्थेचे ‘स्टेप बायबल’ आणि क्रॉसवायर मंडळाचा ‘स्वोर्ड’ प्रकल्प ही साधने विनामूल्य आहेत आणि एकदा उतरवून घेतली की इंटरनेटशिवायही चालतात. घाटाच्या पायथ्याच्या ज्या वाड्यांत रेंज येते आणि जाते, तेथील वाचकाच्या दृष्टीने हा गुण बाकी सगळ्या गुणांहून मोठा आहे.

या साधनांची खरी ताकद हस्तलिखितांच्या बाबतीत दिसते. चौथ्या शतकातील ‘सिनाय’ हे ग्रीक हस्तलिखित आज लंडन, लाइपझिग, सेंट पीटर्सबर्ग आणि सिनायचा मठ अशा चार ठिकाणी विभागलेले आहे. २००९ साली ही चारही ठिकाणची पाने छायाचित्ररूपाने एकत्र आणून इंटरनेटवर ठेवण्यात आली. योहानाच्या शुभवर्तमानात व्यभिचाराच्या आरोपावरून पकडून आणलेल्या स्त्रीची सुप्रसिद्ध कथा सातव्या अध्यायाच्या ५३ व्या वचनापासून आठव्या अध्यायाच्या ११ व्या वचनापर्यंत येते आणि मराठी बायबल वाचणाऱ्यालाही ती परिचित असते. सिनाय हस्तलिखिताचे ते पान उघडून पाहिले, तर सातव्या अध्यायाच्या ५२ व्या वचनानंतर सरळ आठव्या अध्यायाचे १२ वे वचन सुरू झालेले दिसते. मधली बारा वचने तेथे नाहीतच. मार्काचे शुभवर्तमानही त्या हस्तलिखितात सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनावर संपते. अशा फरकांना पाठभेद म्हणतात, आणि उपलब्ध हस्तलिखिते ताडून, पाठभेद तळटीपांत नोंदवून सिद्ध केलेल्या ग्रंथाला चिकित्सक आवृत्ती म्हणतात. पूर्वी या पाठभेदासाठी कोणा तरी पंडिताच्या शब्दावर विसंबावे लागे. आता महाडचा वाचक ते पान स्वतः पाहू शकतो. त्यातून श्रद्धेचे काय होते हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, पण अभ्यासाची सुरुवात तेथूनच होते.

मराठी बायबलकडे वळल्यावर मात्र हे चित्र विस्कटते. विल्यम केरी यांच्या, बंगालमधील श्रीरामपूर मिशनने १८११ साली मराठी नवा करार मोडी लिपीत छापला. अमेरिकन मिशनने १८२६ साली मुंबईत तो बाळबोधीत आणला. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये संपूर्ण बायबलचे भाषांतर एकहाती केले आणि ते त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली, प्रसिद्ध झाले. ही भाषांतरे वचनास वचन समोरासमोर ठेवून वाचता आली, तर शंभर वर्षांत मराठी गद्य कसे घडत गेले याचा त्याहून चांगला पुरावा मिळणे कठीण. पण जुनी आवृत्ती स्कॅन करून ठेवली, तरी स्कॅन केलेले पान म्हणजे निव्वळ चित्र असते, त्यात शब्द शोधता येत नाही. आणि मोडीला तर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांतील प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या व्यवस्थेत, २०१४ साली जागा मिळाली. युनिकोड रूढ होण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा फाँटमध्ये टंकलेला मजकूर रूपांतर केल्याशिवाय आज शोधता येत नाही.

युनिकोडमधील मजकूरही पूर्ण भरवशाचा नसतो. मत्तयाच्या आठव्या अध्यायात येशू वादळ शांत करतो तो प्रसंग शोधण्यासाठी ‘वारा’ हा शब्द टाकला, तर ‘वाऱ्याला’, ‘वाऱ्यांना’ ही रूपे हाती लागत नाहीत, कारण मराठीत विभक्ती लागताना शब्दाचे सामान्यरूप होते आणि यंत्राला ते कोणी शिकवलेले नसते. ‘वाऱ्या’ असे टाकले तरी काम भागेलच असे नाही: त्यातले अर्ध्या र चे वळण काही टंकलेखक ‘ऱ’ हे वेगळे अक्षर वापरून काढतात, तर काही साधा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन निरनिराळे शब्द असतात. ‘मराठी बायबलमध्ये हा शब्द इतक्या वेळा आला आहे’ असे विधान करण्यापूर्वी ही दोन्ही रूपे तपासली नाहीत, तर ती संख्या निरर्थक ठरते. हिब्रू आणि ग्रीक पाठातील प्रत्येक शब्दाशी त्याचे मूळ रूप जोडण्याचे काम तिकडे दोन पिढ्यांनी बसून केले आहे. मराठी पाठासाठी ते कंटाळवाणे काम कोणी तरी करायला हवे. शब्दार्थाच्या बाबतीत मात्र मराठी वाचक सुदैवी आहे: मोल्सवर्थचा कोश, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश हे तिन्ही शिकागो विद्यापीठाच्या कोशसंग्रहात इंटरनेटवर मोफत पाहता येतात, आणि एकोणिसाव्या शतकातील भाषांतर वाचताना मोल्सवर्थला पर्याय नाही.

बायबलच्या अभ्यासाने घालून दिलेली ही शिस्त या खोऱ्यातल्याच दुसऱ्या ग्रंथांना लावून पाहिली की उणीव लगेच लक्षात येते. दासबोधाची रचना संगणकाला सोयीची आहे: वीस दशक, दोनशे समास, ७७५१ ओव्या, आणि दशक-समास-ओवी असा त्रिपदरी पत्ता. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी डोमगावच्या मठातील, रामदासांचे शिष्य कल्याणस्वामी यांच्या हातच्या मानल्या जाणाऱ्या प्रतीच्या आधारे १९०५ साली दासबोध छापला, तेव्हा आपला पाठ कोठून आला हे वाचकाला सांगण्याची दक्षता घेतली होती. इंटरनेटवर फिरणाऱ्या दासबोधाच्या बहुतेक प्रतींत मात्र तो कोणत्या आवृत्तीवरून टंकला याची नोंदच नसते. ओवी चटकन सापडते, पण तिच्यावर विसंबून एक ओळही छापावी अशी स्थिती नसते. ‘शिवभारत’ १९२७ साली सदाशिव महादेव दिवेकर यांनी पुण्यात संपादून प्रसिद्ध केले. काव्य अपूर्णच मिळाले, एकतीस अध्याय आणि बत्तिसाव्याचे थोडे श्लोक, पण संपादनामुळे त्याला पाठ म्हणून प्रतिष्ठा आली. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती क्योतोच्या मुनेओ तोकुनागा यांनी संगणकात उतरवली आणि केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी ती शुद्ध करून सर्वांना खुली केली. संस्कृतला जे जमले ते मराठीला जमू नये असे काही नाही. ज्या महाडात २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले, त्या गावाला तर ग्रंथात नेमके काय लिहिले आहे याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. त्या ग्रंथाचीही पन्नासहून अधिक हस्तलिखिते ताडून पॅट्रिक ऑलिव्हेल यांनी २००५ साली चिकित्सक आवृत्ती काढली आहे. विरोध करणाऱ्यालाही तीच उपयोगी पडते.

अलीकडे प्रश्न विचारताच सलग उत्तर लिहून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाली आल्या आहेत. त्या सारांशाला बऱ्या. पण अस्तित्वात नसलेले वचन किंवा ओवी, क्रमांकासह आणि पूर्ण आत्मविश्वासाने, त्या सांगू शकतात. म्हणून त्यांनी दिलेला प्रत्येक संदर्भ मूळ पाठात उघडून पाहावा, आणि तेवढा वेळ नसेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नये.

जुलै २०२१ च्या महापुरात महाडची बाजारपेठ आणि घरे पाण्याखाली गेली आणि महाड-पोलादपूरच्या वाड्यांवर दरडी कोसळल्या. कागद टिकण्याची खात्री या खोऱ्यात कोणी देऊ शकत नाही. ज्या घरांत, मठांत किंवा चर्चमध्ये जुनी पोथी, दासबोधाची हाती लिहिलेली प्रत किंवा शंभर वर्षांपूर्वीचे मराठी बायबल असेल, त्यांनी येत्या पावसाळ्याआधी उजेडात, पान सपाट ठेवून, मुखपृष्ठापासून शेवटच्या पानापर्यंत प्रत्येक पानाचे मोबाईलवर छायाचित्र काढावे, छापील पुस्तक असल्यास आवृत्ती आणि साल टिपावे, पोथी असल्यास ती कोणाकडून आली ते लिहावे, आणि त्या छायाचित्रांची एक प्रत दुसऱ्या गावी ठेवावी.