घराचा व्यवहार: आधी कागद, मग कुलूप

महाराष्ट्रात घराचा व्यवहार अडतो तो बहुधा कागदपत्रांवर. म्हणून अनुभवी मालमत्ता-दलाल दोन्ही पक्षांना पुढील काळजी घेण्यास सुचवतात.

खरेदीदारासाठी : नोंदणीकृत दस्ताचा गोषवारा असलेली ‘सूची क्रमांक दोन’ तपासावी आणि तिच्यावरील मालकाचे नाव सोसायटीच्या भागपत्रामागे (शेअर सर्टिफिकेट) नोंदलेल्या शेवटच्या हस्तांतराशी जुळते का, हे पाहावे. इमारत वापरण्यास योग्य असल्याचा दाखला, म्हणजेच भोगवटा प्रमाणपत्र, मागावा. दरांची तुलना चटई क्षेत्रावरच करावी. 2016 च्या रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन कायद्यानुसार त्यात आतील विभाजक भिंती धरल्या जातात, परंतु बाहेरील भिंती आणि बाल्कनी वगळल्या जातात. याच कायद्यानुसार, विक्रीकरार नोंदवण्यापूर्वी विकासकाला किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही.

विक्रेत्यासाठी : मूळ दस्तांची साखळी, सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला आणि गृहकर्ज फिटले असल्यास बँकेचे तसे पत्र आधीच जमवून ठेवावे. मुद्रांक शुल्क करारातील किंमत आणि रेडी रेकनर, म्हणजे शासनाचा वार्षिक मूल्यदर, यांनुसार येणाऱ्या रकमांपैकी जी अधिक तिच्यावर आकारले जात असल्याने, कागदावर किंमत कमी दाखवून लाभ होत नाही. किंमत 50 लाख रुपये किंवा अधिक असल्यास खरेदीदार निवासी विक्रेत्याच्या रकमेतून 1 टक्का प्राप्तिकर कापून सरकारजमा करतो, हे विक्रेत्याने हिशेबात धरावे.

दोघांसाठी : महारेराकडे, म्हणजे रेरा कायद्याखालील राज्य प्राधिकरणाकडे, नोंदणी झालेल्या प्रकल्पातील घर विकणाऱ्या दलालालाही नोंदणी सक्तीची असल्याने त्याचा क्रमांक तपासावा आणि दलाली आधीच लेखी ठरवावी.