डागाळलेल्या डायलची बोली

खामगावच्या बाजारात मुरलेला व्यापारी ढिगाच्या माथ्यावरचा पांढराशुभ्र कापूस बघून भाव बोलत नाही. कोपरापर्यंत हात आत घालतो, मूठभर ओढून काढतो, धागा ताणून बघतो, ओल किती ते चाचपतो आणि मग तोंड उघडतो. जुन्या घड्याळाच्या लिलावातही नेमकं हेच करायचं असतं. पंचाईत अशी, की माल असतो मुंबईत नाहीतर जिनिव्हात आणि आपण चिखली-मेहकरात मोबाइलवर फोटो मोठा करून बसलेलो. आत हात घालायची सोय नाही. म्हणून डोळ्यालाच ते काम शिकवावं लागतं.

या व्यवहारात सगळ्यात महाग काय असेल तर हात न लागलेलं घड्याळ. तबकडीवर पिवळट डाग, काट्यांवरचा रंग उडालेला, केसवर ओरखडे, काच धुरकट. पण सगळं मूळचं. ते घासून-पुसून, रंगवून नवं केलं की बघायला छान दिसतं आणि जाणत्याच्या लेखी निम्मं मरतं. आपल्याकडे हे पटायला जड जातं. विकायच्या आधी वस्तू चकाचक करायची ही आपली रीत. घड्याळात ती रीत पैसे बुडवते.

न्यूयॉर्कमध्ये ५ मार्च २००९ रोजी अँटिकोरम या लिलावगृहाने महात्मा गांधींच्या काही वस्तू विकायला काढल्या. झेनिथ कंपनीचं खिशातलं घड्याळ, चष्मा, चपला, एक थाळी आणि वाटी. अंदाज होता २० ते ३० हजार डॉलरचा. बोली थांबली १८ लाख डॉलरवर आणि घेणारे निघाले विजय मल्ल्या. त्या घड्याळाला कोणी पॉलिश मारून ठेवलं असतं तर? किंमत घड्याळाच्या चांदीची नव्हतीच. ते कोणाच्या कमरेला होतं आणि तिथून कोणाच्या हाती गेलं, या माहितीची होती. नट पॉल न्यूमन यांच्या रोलेक्स डेटोनाचंही तसंच. बायकोने मागच्या झाकणावर गाडी जपून चालवायची तंबी कोरून दिलेलं ते घड्याळ २०१७ साली फिलिप्सच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरच्या पुढे गेलं.

एवढ्या पैशांमागे लबाडीही येतेच. नोव्हेंबर २०२१ मध्ये जिनिव्हात फिलिप्सनेच १९५७ सालच्या बनावटीचं एक ओमेगा स्पीडमास्टर विकलं. काळी तबकडी उन्हापावसाने चॉकलेटी झालेली. असा बदललेला रंग संग्राहकांना वेड लावतो. ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर किंमत आली. घेतलं ओमेगानेच, स्वतःच्या संग्रहालयासाठी. पुढे २०२३ साली कंपनीने जाहीर केलं, की हे घड्याळ वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जुळवून उभं केलेलं आहे आणि त्यात आपलेच काही माजी कर्मचारी सामील होते. ज्यांनी घड्याळ बनवलं तेच फसले. मोबाइलवर बोली लावणाऱ्याने यातून काय घ्यायचं ते घ्यावं.

आपल्या भागात हे सगळं येतं ते रेल्वे आणि एचएमटीच्या वाटेनं. कापूस मुंबईला न्यायला जलंब-खामगाव फाटा १८७० साली सुरू झाला. गाडीच्या वेळा आल्या तशी घड्याळाची गरज आली. १८८६ पासून मुंबईत पाय रोवलेल्या वेस्ट एंड वॉच कंपनीची स्विस घड्याळं रेल्वे आणि फौजेतल्या माणसांच्या अंगावर दिसू लागली. त्यांच्या कित्येक तबकड्यांवर कंपनीच्या नावाखाली मुंबई आणि कलकत्ता ही दोन गावं छापलेली असत. फाव्र-ल्यूबा ही दुसरी स्विस कंपनी तर त्याच्याही आधीपासून मुंबईत होती. ही घड्याळं सावकार, वकील, स्टेशनमास्तर यांच्यापुरती. सामान्य माणसाच्या मनगटावर घड्याळ चढवलं ते एचएमटीने. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ साली बंगळुरूत कारखाना निघाला आणि पुढे जनता, पायलट, सोना, कोहिनूर, कांचन अशी नावं घरोघरी झाली. गुरुजींचा निवृत्ती समारंभ असो की जावयाचा मान, घड्याळ एचएमटीचंच. देवनागरी अंकांची जनताही कंपनीने काढली होती. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय घेतला आणि तोवर कपाटात पडून राहिलेल्या घड्याळांकडे लोक नव्याने बघू लागले.

ही घड्याळं बाजारात येतात कशी? आजोबा जातात, घर आवरलं जातं, बंद घड्याळ जुनं सामान घेणाऱ्याच्या पोत्यात पडतं. तिथून हात बदलत एखादं मुंबईच्या चोर बाजारापर्यंत जातं. तिथे तबकडी खरवडून रंगवतात, दोन-तीन घड्याळांचं एक करतात आणि ते चकचकीत होऊन इंटरनेटवर विकायला लागतं. परदेशातले संग्राहक अशा मालाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात, कौतुकानं नव्हे. एचएमटी पायलट म्हणजे काळी तबकडी आणि हिरवट अंक ही ओळख. लाल, केशरी, पोपटी पायलट दिसलं, की बहुतेक वेळा रंगाऱ्याची कमाल समजावी.

मूळ तबकडी आणि रंगवलेली तबकडी यांतला फरक भिंगाखाली अगदी उघडा पडतो. मूळ छपाईत अक्षराची कड सुरीने कापल्यासारखी असते. रंगवलेल्यात शाई किंचित पसरते, ‘१७ ज्वेल्स’ किंवा ‘पॅराशॉक’ ही बारीक अक्षरं जाड होतात, एखादं वाकडं बसतं. मिनिटांच्या रेघा मोजून बघा. एकीकडे दाट, दुसरीकडे विरळ निघतात. तारखेची खिडकी असेल तर तिच्या आतल्या कडेवर रंगाचा थर चढलेला दिसतो. सहाच्या अंकाखाली कारखान्याची इवलीशी छपाई असते, ती रंगारी हमखास विसरतो किंवा गिचमिड करतो. आणखी एक खूण: काटे आणि अंक यांच्यावरचा चमकणारा लेप एकाच वयाचा दिसायला हवा. अंक तपकिरी आणि काटे पांढरेशुभ्र असतील तर काटे दुसऱ्या घड्याळाचे.

केस बघताना पट्टा अडकवायच्या शिंगांची टोकं बघावीत. बफ मारून मारून ती गोल होतात, मागच्या झाकणावरचे आकडे पुसट होतात. जनतासारख्या स्वस्त घड्याळाची केस पितळेवर क्रोमचा मुलामा दिलेली. घामाने मुलामा उडून खालचं पिवळं पितळ दिसतं. दिसू द्यावं. ती पन्नास वर्षांची झीज आहे, दोष नाही.

विकणाऱ्याला मशीनचा फोटो मागावा. टाळाटाळ केली तर सोडून द्यावं. घड्याळ हाती आल्यावर मनगटाच्या झटक्याने हलकं हलवून बघा. बॅलन्स चाक मोकळं झुललं तर जीव आहे. एचएमटी जनताच्या मशीनची चाल सेकंदाला ५ ठोक्यांची. कानाला लावलं की ती सरळ ऐकू यावी, लंगडत नव्हे. चावी फिरतच राहिली तर मुख्य स्प्रिंग गेली असावी. चावी घट्ट बसली, की लोक म्हणतात, ‘चावी जास्त झाली.’ तसं सहसा नसतं. आतलं तेल चिकट होऊन चाकं धरलेली असतात. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात तेल लवकर वाळतं. त्याच कोरड्या हवेमुळे तबकडी मात्र कोकणातल्यापेक्षा चांगली टिकते. म्हणून इकडच्या कपाटातलं बंद घड्याळ वरून सुरेख आणि आतून कोरडं निघण्याचा संभव जास्त. असं घड्याळ चालतंय म्हणून दिवसेंदिवस वापरू नये. तेलाविना चाकांचे आस झिजतात आणि मग ती झीज भरून येत नाही.

एक धोका मात्र गंभीर आहे. १९६० च्या दशकाआधीच्या कित्येक घड्याळांच्या चमकत्या अंकांत रेडियम आहे. अंधारात ते आता चमकत नाहीत, कारण सोबतचं रसायन संपलंय. रेडियमचं अर्धायुष्य १६०० वर्षांचं. ते तसंच आहे. असं घड्याळ घरी उघडू नये, नखाने अंक खरवडू नयेत, भुकटी श्वासात जाऊ देऊ नये.

आता पैशांचं. मुंबईतली सॅफ्रनआर्ट, अॅस्टागुरू यांच्यासारखी लिलावगृहं घड्याळंही विकतात. सगळीकडे नियम एकच: वस्तू जशी आहे तशी. ‘चालू आहे’ असं लिहिलं तरी वेळ बरोबर दाखवते असा त्याचा अर्थ नसतो. हातोडा पडला म्हणजे हिशेब संपला असंही नाही. समजा, १ लाखावर बोली थांबली आणि लिलावगृहाचं शुल्क २० टक्के आहे. देणं झालं १ लाख २० हजार, वर कर आणि पाठवणीचा खर्च. परदेशातून मागवलं तर सीमाशुल्क. त्यात सर्व्हिसिंग धरून आकडा ठरवावा, कागदावर लिहावा आणि शेवटच्या मिनिटाला चेव आला तरी तो ओलांडू नये. शंभर वर्षांपूर्वीची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात बसत असेल तर ती देशाबाहेर पाठवता येत नाही, हे विकणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

आणि तेल घालायला घड्याळ दुरुस्तीवाल्याकडे दिलंत, की तोंडी सांगू नका, चिठ्ठीच लिहून द्या: मशीन साफ करा, तेल घाला. डायल पुसू नका. केसला बफ नको. काटे तेच राहू द्या. एखादा भाग बदलावाच लागला तर काढलेला भाग पुडीत बांधून परत द्या. तो हसेल, म्हणेल, नवं करून देतो की साहेब. चिठ्ठी त्याच्या काउंटरच्या काचेखाली सरकवा आणि पुडी न्यायला स्वतः जा.