वाकडा कठडा आणि पाच गुणांक

स्वस्तातल्या वेबकॅमने होस्टेलच्या गच्चीचा फोटो काढून बघा. कठडा फोटोच्या वरच्या कडेला आला, की पिंपाच्या पोटासारखा फुगलेला दिसतो. गवंड्याची चूक नाही, भिंगाची आहे!

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये आम्हाला फोटोवरून भिंतीतल्या भेगेची लांबी मोजायची होती. मधली भेग बरोबर यायची, कडेची चुकायची. म्हणून भिंगाचं गणित बसवायला घेतलं.

मध्यापासूनचं अंतर भागिले फोकल लेंग्थ म्हणजे 'र' धरा. भिंग बिंदूला आत किंवा बाहेर सरकवतं. किती? र ला (१ + क१ × र चा वर्ग) ने गुणा. क१ = –०.२ आणि र = ०.५ असेल, तर गुणक ०.९५. म्हणजे ३२० पिक्सेलवरचा बिंदू ३०४ वर येतो. १६ पिक्सेल गेले! याशिवाय चौथ्या घाताचा क२ आणि सहाव्या घाताचा क३ जोडता येतो. भिंगं एका अक्षावर नीट बसली नसतील, तर आणखी दोन गुणांक लागतात. त्यासाठी कॉनराडी (१९१९) आणि ब्राउन (१९६६) यांचं काम प्रसिद्ध आहे.

आम्ही विचार केला, कंजुसी कशाला? पाचही घेतले. बुद्धिबळाच्या छापील पटाचे फोटो काढले, सरासरी चूक मस्त खाली आली. पण दुरुस्त केलेल्या फोटोत कोपऱ्यातली भिंत उलट्या बाजूला वाकली!

सरांनी एकच प्रश्न विचारला, "पट कुठे धरला होतात?" फ्रेमच्या मध्येच. आणि गोम तिथेच होती. अंतर दुप्पट झालं की सहावा घात ६४ पट होतो. मध्ये क३ ची बारीकशी चूक दिसतच नाही. कोपऱ्यात तीच ६४ पट होऊन बसते.

तेव्हा आधी फक्त क१ घ्या. पट कोपऱ्यांपर्यंत न्या. काही फोटो बाजूला ठेवा आणि नवीन गुणांकाने त्या फोटोंवरची चूक कमी झाली, तरच तो ठेवा. फिशआय भिंग असेल, तर हे सूत्रच सोडा. यातला र म्हणजे किरणाच्या कोनाचा टॅन, आणि ९० अंशाला तो अनंत होतो. तिथे थेट कोनावर बेतलेलं मॉडेल लागतं. कन्नाला आणि ब्रँट यांनी २००६ साली तसं एक दिलं आहे.

आमचं काम शेवटी दोन गुणांकांत भागलं. उरलेले तीन आम्ही निव्वळ हौसेने घेतले होते.