पायपीट (१४) : कुरुपाचे मूळ

टाचदुखीवर लिहायचे कबूल केले होते, पण टाच पुढच्या आठवड्यावर ढकलतो. मध्ये सांगलीहून एका निवृत्त शिक्षिकेचे पत्र आले आणि ते बाजूला ठेववेना. बाई लिहितात : उजव्या तळव्याला, दुसऱ्या बोटाच्या मागच्या उंचवट्यावर कुरूप आहे, दोनदा ऑपरेशन करून काढले, दोन्ही वेळा वर्षाच्या आत परत आले, 'मुळासकट' काढणारा कोणी डॉक्टर माहीत असेल तर पत्ता कळवावा.

बाई, पत्ता कळवत नाही. कुरुपाला मूळच नसते, तेव्हा मुळासकट काढणारा डॉक्टर कुठून आणू? हे मी पेशंटला सांगतो तेव्हा निम्मे लोक माझ्याकडे संशयाने बघतात आणि उरलेले दुसऱ्या डॉक्टरकडे जातात. म्हणून आज जरा सविस्तर.

कातडीवर एकाच जागी रोज दाब आणि घासणी होऊ लागली की ती स्वतःच्या बचावासाठी जाड होते. वरच्या थरातल्या मेलेल्या पेशी झडून जायच्या, त्या साचत राहतात. दाब पसरट असेल तर घट्टा पडतो, आणि तो बहुधा दुखत नाही. पण दाब हाडाच्या एखाद्या टोकाशी एकवटला की साचलेला थर आतल्या बाजूला निमुळता होत जातो, खिळ्यासारखा : माथा बाहेर, टोक आत. पाऊल पडले की चपलेचा तळ माथ्यावर ठोकतो आणि टोक खालच्या जिवंत कातडीतल्या नसांवर रुतते. या खिळ्याला ना रक्तपुरवठा, ना स्वतःची नस. तो पोसला जातो बाहेरच्या दाबावर.

आता बाईंचे ऑपरेशन घ्या. सर्जनने कुरूप भोवतालच्या कातडीसकट कापून काढले, टाके घातले. हाड जिथल्या तिथे राहिले, चप्पलही तीच राहिली. भर म्हणून भार पडणाऱ्या नेमक्या जागी एक व्रण तयार झाला. व्रणाची कातडी ताठ असते, ताण सोसत नाही, आणि तिच्यावर पुन्हा तोच थर साचायला वेळ लागत नाही. तळव्यावरचे कुरूप नुसते कापून काढण्याला माझा विरोध आहे आणि तो मी कॉन्फरन्समध्येही मोठ्या आवाजात नोंदवत असतो.

मुळाची कल्पना लोकांच्या मनात इतकी घट्ट बसली, त्याला बाजारातल्या कलाकारांचाही हातभार आहे. लहानपणी आमच्या आठवडी बाजारात एक जण सतरंजी टाकून बसायचा. कुरुपावर वस्तऱ्याने छेद द्यायचा, त्यावर शिंगाची तुंबडी लावून तोंडाने ओढायचा आणि मग पांढऱ्या दोऱ्यासारखे काहीतरी चिमटीत धरून 'हे बघा मूळ' म्हणून दाखवायचा. पैसे मुळागणिक, त्यामुळे एकेका कुरुपाला सात-आठ मुळे सहज निघत. गंमत म्हणजे गिऱ्हाईक खरोखरच बरे वाटून चालत जाई, कारण छेद देताना माथा तासला गेलेला असे. काम वस्तऱ्याचे आणि शाबासकी दोऱ्याला!

कुरुपे काढण्याचा धंदा इतर देशांतही बराच काळ असाच वैद्यकीच्या उंबरठ्याबाहेर राहिला, पण काहींचे नशीब थोर निघाले. अमेरिकेत यादवी युद्ध ऐन भरात असताना, १८६२च्या सप्टेंबरमध्ये, अब्राहम लिंकन यांनी आयझॅकर झकारी नावाच्या कुरूपवाल्याला स्वतःच्या सहीचे प्रशस्तिपत्र दिले होते : यांनी माझ्या पायांवर उपचार केले, चांगला आराम पडला. पुढे तर लिंकन यांनी त्याला आपला खास माणूस म्हणून न्यू ऑर्लिन्सला पाठवले. टिंगल करायला वर्तमानपत्रांना आयताच विषय मिळाला. त्याआधी लंडनमध्ये लुईस डर्लाकर राणी व्हिक्टोरियाच्या पायांची निगा राखत असे. १८४५ साली त्याने कुरुपे आणि नखांच्या विकारांवर ग्रंथ लिहिला. त्यात पुढच्या तळव्यातल्या एका नसेच्या दुखण्याचे वर्णन आहे. आज ते दुखणे मॉर्टनच्या नावाने ओळखले जाते, आणि मॉर्टनने ते लिहिले १८७६ मध्ये. कुरूपवाल्याला श्रेय कोण देणार? (मॉर्टनच्या नसेवर एक अख्खा लेख माझ्या डोक्यात तयार आहे, संपादक अजून हो म्हणालेले नाहीत.)

या कुरूपवाल्यांचे आजचे वारस म्हणजे पोडियाट्रिस्ट. ब्रिटन-अमेरिकेत या पेशाचे स्वतंत्र शिक्षण आहे. आपल्याकडे पायाचे दुखणे हाडांच्या, त्वचेच्या आणि मधुमेहाच्या डॉक्टरांमध्ये वाटले गेले आहे, आणि कुरूप नेमके कोणाच्या वाट्याचे हे ठरलेलेच नाही.

पोडियाट्रिस्टांची कुरूप काढायची पद्धत साधी आहे, हाताला मात्र सराव लागतो. तळवा स्पिरिटने पुसायचा, डाव्या अंगठ्याने कातडी ताणून धरायची आणि पंधरा नंबरचे ब्लेड जवळजवळ आडवे धरून पातळ पापुद्रे काढत जायचे. भुलीची गरज नसते, मेलेली कातडी दुखत नाही. पापुद्रे निघता निघता मधोमध एक पिवळट, अर्धपारदर्शक ठिपका दिसू लागतो. तोच गाभा. ब्लेडचे टोक त्याच्या कडेने फिरवून तो उचलला की मोहरीएवढा खळगा उरतो. रक्त येता कामा नये. आले तर हात जड पडला असे समजायचे. तासताना काळे ठिपके दिसले आणि त्यांतून बारीक रक्त आले तर मात्र ते कुरूप नव्हे, चामखीळ. घरीही साधारण अंदाज येतो : चिमटीत धरून दोन्ही बाजूंनी दाबल्यावर जास्त कळ आली तर चामखीळ, सरळ वरून दाबल्यावर आली तर कुरूप.

पेशंट उठतो, पाय आपटून बघतो, पुन्हा आपटतो आणि हसतो. या धंद्यात इतके तत्काळ मिळणारे सुख दुसरे नाही. पण ते दीड-दोन महिन्यांचे असते. दाब तसाच राहिला की थर पुन्हा साचतो.

मेडिकलच्या दुकानात मिळणाऱ्या कॉर्न कॅपला आम्ही पायवाले नाके मुरडतो. तिच्यात सॅलिसिलिक आम्ल असते, ते मेलेली कातडी भिजवून सोलते. २०१३ साली इंग्लंडमधल्या शेफील्डच्या एका चाचणीचे निष्कर्ष आले. २०२ जणांपैकी काहींना ४० टक्के सॅलिसिलिक आम्लाची पट्टी दिली, काहींचे कुरूप ब्लेडने तासले. तीन महिन्यांनी पट्टीवाल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांचे कुरूप पूर्ण गेले होते, ब्लेडवाल्यांपैकी एक पंचमांश लोकांचे. म्हणजे पट्टी पुढे! आमच्या मंडळींना हे फारसे रुचले नाही. मला त्यातला दुसरा आकडा महत्त्वाचा वाटतो : पट्टी लावूनही दोन तृतीयांश लोकांचे कुरूप होते तिथेच होते. वरून सोला नाहीतर तासा, ठोकणारा ठोकतच असतो.

मग ठोकणारा शोधायचा कसा? एक घरगुती युक्ती सांगतो. कुरुपावर ओल्या कुंकवाचा ठिपका द्या, रोजची चप्पल किंवा बूट घाला आणि चार पावले चाला. आत डाग कुठे उमटला ते बघा. तळव्याखाली उमटला तर दोषी हाड वरून दाबते आहे. बोटाच्या पाठीवरचे कुरूप असेल तर डाग बुटाच्या छताला लागेल, म्हणजे बूट बुटका आहे आणि बोट वाकडे. दुसरी तपासणी कागदाची. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, कागदावर उभे राहून पावलाची रेघ काढा आणि त्यावर बूट ठेवा. रेघ दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावली तर पुढे काही विचारूच नका.

बाईंच्या बाबतीत पत्रावरून तरी मला असे दिसते. दुसऱ्या बोटामागचे लांब हाड काहींचे जन्मतःच जास्त लांब असते. वय वाढले की तळव्याखालची चरबीची गादी विरळ होते, बोटे वर उचलली जातात आणि ती गादी आणखी पुढे सरकते. हाडाचे डोके जमिनीवर उघडे पडते. यावर लोक काय करतात? बरोबर कुरुपाखाली मऊ स्पंजचा तुकडा ठेवतात. त्याने तिथला उंचवटा वाढतो आणि दाब आणखी वाढतो. आधार हवा तो कुरुपाच्या मागे, टाचेच्या दिशेला, हाडाच्या दांड्याखाली. तिथे नमद्याची पाच-सात मिलिमीटर जाडीची, बदामी आकाराची गादी बसवली की हाडाचे डोके अलगद उचलले जाते. बोटभर जागा चुकली तरी उपयोग शून्य. मी आधी ती पट्टीने पायालाच चिकटवून देतो, आठवडाभर चालायला सांगतो, फरक पडला तरच मग चपलेत पक्की करून घेतो. बाई, एकदा कुरूप तासून घ्या आणि ही गादी करून बघा. तिसरे ऑपरेशन नको.

बोटांच्या बेचक्यातले मऊ कुरूप ही वेगळीच भानगड. चौथ्या आणि करंगळीच्या मध्ये दोन हाडांचे कंगोरे एकमेकांवर घासतात, घामाने कातडी पांढरी, भिजलेली दिसते. पावसाळ्यात याला हमखास चिखल्या समजतात आणि बुरशीची मलमे महिनोन्‌महिने चोळतात. चिखल्यांना खाज सुटते. हे टोचते, आणि एकाच बिंदूवर टोचते. बोटांमध्ये सिलिकॉनचा छोटा तुकडा आणि पुढे रुंद पादत्राण, एवढ्याने पुष्कळांचे भागते. नाहीच भागले तर हाडाचा कंगोरा घासायचे छोटे ऑपरेशन आहे. त्याला माझी हरकत नाही, कारण तिथे हात हाडालाच घातला जातो.

मधुमेह असून पाय बधिर झाले असतील तर यातले काहीही घरी करू नका. ब्लेड नको, कॉर्न कॅप तर मुळीच नको. आम्ल चांगल्या कातडीपर्यंत पोचले तरी तुम्हाला कळणार नाही. अशा पायाचा घट्टा जाणकाराकडून नियमित तासून घेतला की त्या जागचा दाब सुमारे पाव हिश्शाने कमी होतो. घट्ट्याच्या आत काळसर-लाल डाग दिसला तर खाली जखम तयार होते आहे असे धरून त्याच दिवशी दाखवा.

आता माझा आवडता घट्टा, जो कोणीच दाखवायला येत नाही. बाहेरच्या घोट्यावरचा, मांडी घालून बसणाऱ्यांचा. पखवाज-तबला वाजवणारे, जुने सोनार, पंगतीत आयुष्य गेलेले भिक्षुक, भजनी मंडळातले टाळकरी यांचे घोटे बघा. काळपट, जाड, किंचित चकाकणारा रुपयाएवढा डाग. नमाज पढणाऱ्यांच्या डाव्या पावलावर तो जास्त ठळक असतो, कारण बसताना भार त्या पावलावर असतो. लग्न ठरलेल्या मुली हा डाग घालवायला क्रीम मागतात तेव्हा मी त्यांना सतरंजीची घडी जाड करायला सांगतो. बाकी त्याच्या वाटेला जात नाही. घट्टा सरसकट वाईट, ही बुटांच्या जगातली समजूत आहे. २०१९ साली 'नेचर'मध्ये केनियातल्या लोकांच्या पायांचा अभ्यास आला होता : अनवाणी चालणाऱ्यांच्या तळव्याची कातडी जाड होती, पण त्यांना जमिनीची जाणीव बूट घालणाऱ्यांइतकीच तल्लख होती. हा अभ्यास मी वेटिंग रूममध्ये लावून ठेवला आहे; लोक त्याच्यावर छत्र्या अडकवतात.

टाचदुखी पुढच्या आठवड्यात, आता टाळत नाही. तोवर एक करा. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिले पाऊल जास्त दुखते की दिवसभर चालून झाल्यावरचे, हे दोन-तीन दिवस बघून लिहून ठेवा. लेख तिथूनच सुरू करणार आहे.